पुढच्यास ठेच, मागच्यास वेळ नाही

आपल्याकडे 'वेळ नाही' हे वाक्य कुणी तक्रार म्हणून म्हणत नाही, पदवी म्हणून म्हणतो. नावामागे बी.ई., एम.डी. लावावं तसं ते बोलण्याच्या सुरुवातीला लावायचं, घड्याळाकडे एक नजर टाकायची आणि मग निवांत तासभर गप्पा मारत बसायचं. ज्याला वेळ आहे असा माणूस म्हणजे एक तर निवृत्त, नाही तर निलंबित. मी पहिल्या वर्गातला. तेव्हा मला बोलायला वेळ आहे, आणि तुम्ही इथवर वाचलंत त्या अर्थी तुम्हालाही थोडा असावा. पण चारचौघांत कबूल करू नका, उगाच बदनाम व्हाल.

कादंबरी वाचायला वेळ नाही असं कुणी म्हणालं तर माझं काही म्हणणं नाही. कविता वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्याला तर मी मनातल्या मनात आशीर्वादच देतो. निदान तो लिहिणार तरी नाही. माझं भांडण आहे ते धंद्याच्या वाचनावरून. डॉक्टरने डॉक्टरीचं, इंजिनियरने इंजिनियरिंगचं वाचायचं. आपल्याआधी हेच काम ज्यांनी केलं आणि ज्यांच्या हातून ते बिघडलं, त्यांनी काय लिहून ठेवलंय ते बघायचं, एवढंच. त्याला वेळ नाही म्हणणं म्हणजे ड्रायव्हरने 'गाडी चालवायच्या गडबडीत समोर बघायला होत नाही हो' म्हणण्यासारखं आहे.

वकिलांची गोष्ट वेगळी. ते वाचतात. वाचनाची आवड म्हणून नव्हे. समोरचा वकीलही निकाल वाचून आलेला असतो आणि भर कोर्टात अब्रू काढतो म्हणून. पुलाला आणि पेशंटला असा समोरचा वकील नसतो. पूल बिचारा मुकाट्याने पडतो.

या विषयावर बोलायला लागलं की पहिला जो हल्ला होतो तो अनुभवाच्या नावाने होतो. "अहो, पुस्तकात काय आहे? अनुभव हाच खरा गुरू!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. अनुभव गुरू आहे, कबूल. पण या गुरूची एक खोड आहे. शिकतो एक, आणि हा फी वसूल करतो दुसऱ्याकडून.

माझी सगळी हयात सिमेंट-वाळूत गेली, त्यामुळे उदाहरण छज्जाचं देतो. छज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. हात पुढे करून त्यावर बादली टांगलीत तर खांद्याच्या वरच्या बाजूला ताण येतो, खालच्या नव्हे. म्हणून छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला मध्यभागी ताण खालून येतो, तिथे ती खाली लागते. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात चित्रासकट असतं आणि चित्र तिसरीतल्या पोरालाही कळेल असं असतं. पण आयुष्यभर स्लॅब भरलेल्या माणसाच्या हाताला सळई खाली ठेवायची सवय. आणि ती वर बांधली, तरी काँक्रीट टाकताना घमेली घेऊन मजूर तिच्यावरून ये-जा करतात आणि तुडवून तुडवून खाली बसवतात. वरून काँक्रीट पडलं की सगळं झाकलं. सेंटरिंग काढेपर्यंत छज्जा अगदी देखणा दिसतो.

१९८६ साली एका तालुक्याच्या गावी असाच एक देखणा छज्जा सेंटरिंगबरोबरच खाली आला. खाली टेकू काढणारा पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. एक पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीला मी होतो. कामावरचे इंजिनियर शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवात असं कधीच झालं नव्हतं."

खरं होतं ते. झालं नव्हतं. आता झालं. आता ते तेवीस वर्षांच्या अनुभवाचे झाले, आणि या तेविसाव्या वर्षाची फी त्या पोराने भरली. बरं, हा छज्जा काही जगातला पहिला पडलेला छज्जा नव्हता. छज्जे पडायला लागले त्याला शंभर वर्षं होत आली, का पडतात ते लिहून ठेवल्यालाही फारसे कमी दिवस झाले नसतील. बावीस वर्षांत एकदा, चहा पिता पिता, ते एक पान उलटलं असतं तर पुरेसं होतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "साहेब, साइटवरून घरी जायला आठ वाजतात. वाचू कधी?"

गंमत म्हणजे त्याच कामावर एक मिस्त्री होता, अंगठेबहाद्दर. दुसऱ्या दिवशी तो सायकल मारत आला आणि पडलेल्या छज्जासमोर तासभर उकिडवा बसला. तुटलेल्या तोंडातून सळ्या कुठे बाहेर आल्यात ते बोटाने मोजून पाहिलं. जाताना मला म्हणाला, "कुठं काही पडलं की मी बघून येतो साहेब. पडल्यालं खोटं बोलत न्हाई." मला विचाराल तर त्या अख्ख्या साइटवर वाचणारा माणूस तो एकटा होता.

आमच्या कचेरीत वाचनालय नव्हतं असं नाही. होतं ना! एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली ज्या कारकुनाकडे असे तो रजेवर असे, आणि रजेवर नसे तेव्हा 'किल्ली साहेबांकडे' असे. देशोदेशीची तांत्रिक मासिकं येत, नोंदवहीत चढत, शिक्का बसे, आणि वेष्टणासकट कपाटात जात. दर पाच वर्षांनी तीच वेष्टणं रद्दीत निघत. स्टेशनसमोरच्या भेळवाल्याकडे मला एकदा मातीच्या धरणांतल्या पाझरावरचा एक सुरेख लेख मिळाला होता. शेवटचं पान शेवेच्या पुडीला गेलेलं, त्यामुळे निष्कर्ष अजून कळलेला नाही.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचं झालं. साहेबाच्या देशात असं नसेल. तर ऐका.

अमेरिकेत टॅकोमा नावाच्या गावाजवळच्या खाडीवर १ जुलै १९४० ला एक झुलता पूल सुरू झाला. मधला गाळा २,८०० फुटांचा, जगात तिसऱ्या नंबरचा. दिसायला इतका सडपातळ की सिनेमानटीने हेवा करावा. वारा आला की तो लाटांसारखा हलायचा. लोक लांबून लांबून गाड्या घेऊन त्याच्यावर झुलायला यायचे. चार महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या वाऱ्यात तो पिळवटून पिळवटून खाडीत पडला. वादळ म्हणावं असा वाराही नव्हे. माणसं वाचली; मोटारीत अडकलेलं एक कुत्रं तेवढं गेलं. पूल पडतानाची फिल्म आहे, इंजिनियरिंगच्या पोरांना ती अजून दाखवतात.

पण फिल्ममध्ये जे दिसत नाही ते पुढे आहे. पूल पडल्यावर मंडळींनी जुनी दप्तरं उघडली. बघतात तो काय! इंग्लंडातल्या ब्रायटनचा झुलता धक्का १८३६ साली वाऱ्याने असाच पिळवटून मोडला होता आणि कुणीतरी समोर उभं राहून त्याचं चित्रही काढून ठेवलं होतं. १८५४ साली अमेरिकेतच, ओहायो नदीवर, व्हीलिंगचा पूल वाऱ्याने तसाच नाचून पडला होता. पाहणाऱ्याने केलेलं वर्णन तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. ते वर्णन वाचलं तर टॅकोमाचंच वाटावं. म्हणजे सगळं लिहिलेलं होतं, छापलेलं होतं. गणित करणारे एकापेक्षा एक हुशार होते, त्यांचं गणितही चुकलेलं नव्हतं. फक्त ८६ वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र वाचायला कुणाला वेळ नव्हता.

आणि एकाला होता, हे विशेष. जॉन रोबलिंग नावाचा इंजिनियर. जुने झुलते पूल वाऱ्याने का मोडले याचा त्याने नीट अभ्यास केला आणि १८५५ साली नायगाऱ्यावर रेल्वेचा झुलता पूल बांधला, तो ताण-दोऱ्या आणि भक्कम कैच्या घालून. ब्रुकलिनच्या पुलाचा आराखडाही त्याचाच. तो १८८३ साली सुरू झाला आणि अजून वाहतूक चालू आहे. पुढच्या पिढ्यांना रोबलिंगच्या त्या जाडजूड कैच्या जुनाट वाटल्या. त्यांनी पूल बारीक बारीक करत नेला आणि रोबलिंगला कैच्या का लागल्या हे मात्र विचारलं नाही.

धरणांचंही तेच. १९६५ साली वायोमिंग राज्यातलं फाँटेनेल नावाचं मातीचं धरण पहिल्यांदा भरताना कडेच्या भेगाळ खडकाच्या बाजूने गळायला लागलं. पाणी घाईने उतरवलं म्हणून थोडक्यात बचावलं. ५ जून १९७६ ला आयडाहोमधलं टेटन धरण, तेही पहिल्यांदाच भरत असताना, खडकाच्या बाजूने गळायला लागलं आणि काही तासांत फुटलं. ११ माणसं गेली. दोन्ही धरणं एकाच खात्याची. म्हणजे दुसऱ्याचा सोडा, स्वतःच्याच खात्याचा अनुभव स्वतःच्याच कपाटात होता. त्या कपाटाची किल्लीही कुणा कारकुनाकडे असणार!

आम्हां पुणेकरांना हसायचा अधिकार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पाण्याने खडकवासला फोडलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. त्या दिवशी कुठल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, हे सांगणारे मला शेकड्यांनी भेटले. अजूनही भेटतात, पायरी दर वर्षी एकेक वर चढत असते. धरण का फुटलं हे सांगणारा, म्हणजे पुराव्यानिशी सांगणारा, विरळा. चौकशी आयोग बसला, अहवाल झाला. वाचलाय का, असं मी आमच्या खात्यातल्या नव्या नव्या पोरांना मुद्दाम विचारत असे. "तेव्हा आमचा जन्म नव्हता साहेब," असं उत्तर येई. जसा काही अहवाल जन्मतारीख बघूनच वाचायला देतात!

आता वेळेचा हिशेब करू, कारण शेवटी सगळं तिथे येऊन अडतं. रोज पंधरा मिनिटं. वर्षाचे तीनशेच दिवस धरा. रविवार, सण आणि बायकोचे भाऊ यांना सुट्टी. झाले ७५ तास. तासाला वीस पानं, म्हणजे अगदी रेंगाळत, पेन्सिलीने रेघा मारत. दीड हजार पानं झाली. तीनशे पानांची पाच पुस्तकं. तीस वर्षांच्या नोकरीत दीडशे. दीडशे पुस्तकं वाचलेला इंजिनियर मला अख्ख्या नोकरीत एकच भेटला. त्यांना सगळे 'थिअरीवाले' म्हणून हिणवत, आणि काही अडलं की रात्री अंधार पडल्यावर त्यांच्याच घरी जात.

पंधरा मिनिटं मिळत नाहीत म्हणता? साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर बसून मी जी वर्षं काढली त्यांत एक डॉक्टरेट झाली असती. मला वेळ नाही सांगणारे आमचे एक वरिष्ठ रोज तीन वर्तमानपत्रं वाचत. अग्रलेखापासून 'पाहिजेत'पर्यंत, हरवलेल्या माणसांच्या वर्णनासकट. आता ती सोय मोबाईलने केली आहे. सकाळी उठल्याबरोबर गुलाबाच्या फुलावर सुविचार घातलेलं चित्र साठ जणांना पाठवणाऱ्या माणसाने 'वाचायला वेळ नाही' म्हणू नये. सुविचार तरी वाचून पाठवावा.

"पण आता सगळं मोबाईलवर मिळतं की!" असं माझा पुतण्या म्हणतो. मिळतं रे बाबा. पण विचारावं लागतं. आणि जे आपल्याला माहीतच नाही ते विचारणार कसं? छज्जा पडतो हे ज्याला ठाऊक आहे तोच विचारील की छज्जा का पडतो. ठाऊक नसलेला मोबाईल खिशात घालून त्याच छज्जाखाली उभा राहील.

न वाचण्याची किंमत किती मोठी असते, याचं माझं आवडतं उदाहरण लिंबाचं आहे. आपण दाराला मिरच्यांबरोबर टांगतो ते लिंबू. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना स्कर्व्ही व्हायची. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, माणूस कुजत मरायचा. १६०१ साली ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर निघाली. तिचा मुख्य कप्तान लँकेस्टर आपल्या जहाजावर रोज सकाळी माणशी तीन चमचे लिंबाचा रस देत होता. त्याची माणसं धडधाकट राहिली. बरोबरच्या जहाजांवरची इतकी खंगली की त्यांची शिडं चढवायला याची माणसं पाठवावी लागली. हा वृत्तांत पुढे छापलाही गेला. आणि मग? मग सगळे कामाला लागले. वेळ कुणाला होता?

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी घेतले, दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि एकेका जोडीला एकेक उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी आठवड्याच्या आत उठून बसली. १७५३ साली त्याने हे पुस्तकात घातलं. पण घातलं कसं, तर चारशेहून अधिक पानांच्या ग्रंथात मध्येच कुठेतरी, दोन-चार परिच्छेदांत. (विद्वानांनो, यातून तुम्हीही काही घ्या. वाचणारे आळशी असतील, पण तुम्ही तरी दागिना माळ्यावरच्या सातव्या ट्रंकेत का ठेवता?) ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायचा निर्णय घेतला तो १७९५ साली. लिंड त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. लँकेस्टरच्या तीन चमच्यांपासून मोजलं तर १९४ वर्षं. मधल्या काळात किती खलाशी समुद्रात सोडले गेले ते समुद्रालाच ठाऊक. आणि याच्यावरही कडी म्हणजे पुढे आरमाराने स्वस्त आणि सोयीची म्हणून दुसऱ्या जातीची, कमी गुणाची लिंबं आणली. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमेत पुन्हा स्कर्व्ही हजर! एकदा शिकलेलंसुद्धा पुन्हा वाचावं लागतं, नाही तर उडून जातं.

उलटं उदाहरण आपल्याजवळचं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी तोंडाने दिलं तरी शरीर ते शोषून घेतं, हे दवाखान्यातल्या प्रयोगांनी दाखवलेलं होतं. १९५३ साली कलकत्त्याच्याच एका डॉक्टरांनी तोंडाने पाणी देऊन बरे केलेल्या १८६ रुग्णांबद्दल लिहिलं होतं, आणि बहुतेकांनी ते पान उलटून टाकलं होतं. महालनबीसांना आपल्या विषयात जगात काय चाललंय हे ठाऊक होतं. त्यांनी पाकिटं भरली, नातेवाइकांच्या हातात पेले दिले आणि पाजायला लावलं. शंभरातले तीस मरत होते, तिथे चारसुद्धा मरेनात. आज खेड्यातल्या भिंतीवर 'जलसंजीवनी' म्हणून रंगवलेलं असतं ते हेच. त्या छावणीत त्यांच्याइतकी धावपळ कुणाला होती? 'वेळ नाही' म्हणायचा हक्क जगात कुणाला असेल तर त्यांना होता.

तरी सगळा दोष न वाचणाऱ्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. लिहिणारे कुठे आहेत? १५ सप्टेंबरला आम्ही विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो, भाषणं करतो, बटाटेवडे खातो. त्यांनी १९०३ साली खडकवासल्याला बसवलेल्या आपोआप उघडणाऱ्या दारांचं कौतुक करतो. त्यांनी १९५१ साली आपल्या कामाच्या आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या, हे हार आणणाऱ्याला ठाऊक नसतं आणि भाषण करणाऱ्यालाही. मुद्दा असा की नव्वदीत आलेल्या त्या माणसाने त्या लिहिल्या. आमचा निवृत्त इंजिनियर साठीला काय लिहितो? प्रवासवर्णन.

आमचे एक स्नेही आहेत, कालव्यांवर आयुष्य काढलेले. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि कालव्याचं अस्तर आतून कसं उखडून टाकते, पहिल्या आवर्तनाला कुठे फुटतं, मुरमाचा थर कुठे नि किती घालायचा, आणि मध्यरात्री कालवा फुटल्यावर आधी काय करायचं, हे ते टेकडीवरच्या बाकावर असं सांगतात की अंधार पडल्याचं कळत नाही. गेली आठ वर्षं मी हे ऐकतोय. त्यांचं पुस्तकही आहे. सतरा दिवसांत पाहिलेल्या नऊ देशांवर. परवा न राहवून म्हटलं, "अहो, हे कालव्यांचं लिहा ना एकदा. फार नाही, चाळीस पानं. मागून येणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल."

"लिहायचंय हो," ते कळवळून म्हणाले, "मनात फार आहे. पण वेळ कुठाय? युरोपची दुसरी आवृत्ती काढतोय ना! स्वित्झर्लंडचे फोटो वाढवायचेत."